भिंतीवरचं वॉशिंग्टन

कलम नऊ मंजूर झालं असतं तर वेंडेल प्रॅथरला काय मिळणार होतं, याचा हिशोब आधी मांडलेला बरा. कारण नंतर जे झालं त्यात त्याचा मतलब शोधणारे पुष्कळ निघाले. बढती? एकोणसाठाव्या वर्षी, निवृत्तीला साडेतीन महिने उरलेल्या माणसाला बढती देऊन करायचं काय? बक्षीस? ठरावातल्या एका परिच्छेदासाठी बक्षीस द्यायची पद्धत अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत कधीच नव्हती, आणि हल्ली तर असा परिच्छेद लिहिल्याबद्दल खुलासा मागायची पद्धत पडली होती. मिळणार होत्या त्या दोनच गोष्टी. एक, लोसाले वेइकोसोला दिलेला शब्द पाळला जाणार होता. दुसरी त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती: जिनिव्हा सोडताना आपल्या हातचं एक तरी वाक्य मागे जिवंत राहिलं, असं त्याला मनाशी म्हणता येणार होतं.

वाक्य तसं साधं होतं. मोठे देश महासागरात तरंगती यंत्रं सोडून ठेवतात. पाण्याचा दाब बदलला, मोठी लाट उठली की ती उपग्रहाला कळवतात. त्या नोंदी सगळ्यांना, न मागता, तत्काळ मिळाव्यात आणि यंत्र बंद पडलं तर ज्याचं त्यानं नव्वद दिवसांत दुरुस्त करावं, एवढंच कलम नऊ म्हणत होतं. अठरा वर्षांपूर्वी ते वेंडेलनंच लिहिलं होतं. त्याची मुदत एकतीस मार्चला संपत होती आणि ती दहा वर्षं वाढवायची होती.

लोसाले पॅसिफिकमधल्या अकरा छोट्या बेट-देशांच्या वतीनं समुद्र-सूचना संघात बोलायची. त्यातल्या तिच्या स्वतःच्या बेटावर धोक्याचा भोंगा वाजवायचं काम तिचा सख्खा भाऊ सेमिसी करायचा. भोंगा चर्चच्या छपरावर, सेमिसी खालच्या खोलीत, समोर एक पडदा. त्या पडद्यावर यंत्रांच्या नोंदी येत. नोंद आली की माणसांना टेकडी चढायला पन्नास मिनिटं मिळत. नोंद आली नाही तर किती मिळतील, असं वेंडेलनं एकदा विचारलं होतं. लोसाले म्हणाली होती, "तेव्हा समुद्र स्वतःच येऊन सांगतो."

आता वेंडेलचं काय चाललं होतं ते सांगायला हवं. संघाच्या इमारतीत तळमजल्यावर कॉफीचा एक गाळा आहे आणि आपल्या देशाची पत किती, हे मोजायला वेंडेलला तो गाळा पुरेसा होता. पूर्वी वाटाघाटींच्या आठवड्यात त्याला खिशात हात घालावा लागत नसे. कोणता शब्द वॉशिंग्टनला चालेल आणि कोणता चालणार नाही, हे आडून विचारण्यासाठी कोणी ना कोणी त्याच्या कॉफीचे पैसे भरायचं. आठवड्याला नऊ-दहा कप व्हायचे. पित्त उठायचं. मागच्या वर्षी हा आकडा चारावर आला. या मार्चमध्ये तो शून्यावर होता आणि वेंडेलचं पित्त पूर्ण बरं झालं होतं. त्याच्या बायकोला वाटत होतं, नव्या डॉक्टरचा गुण आला.

पूर्वी वॉशिंग्टनहून सूचना यायच्या त्या तीन-तीन पानी. काय हवं, का हवं, नाही जमलं तर कुठवर माघार घ्यायची. आता यायची ती शब्दांची यादी. हे शब्द दिसले की काढायला लावा. कारण विचारायचं नाही, कारण यादीत कारणांचा रकानाच नव्हता. त्यामुळे सभागृहात अमेरिकेची पाटी उभी राहिली, म्हणजे प्रतिनिधीला बोलायचंय असं दिसलं, की मागच्या रांगेत हळूच खसखस पिकायची. ज्या शब्दावर वाद असेल तो संघात चौकोनी कंसात टाकतात आणि वाद मिटेपर्यंत तो तिथेच अडकून राहतो. एका नॉर्वेजियन पोरीनं वेंडेलचं नाव 'कंसवाले काका' ठेवलं होतं. ते त्याच्या कानावर आलं होतं, आणि सगळ्यात वाईट हे की ते त्याला पटलंही होतं.

या सगळ्यात एक गोष्ट त्याच्या बाजूनं होती. कलम नऊला पाठिंबा द्यावा, ही जुनी सूचना कोणी मागे घेतली नव्हती. नव्या माणसांना ती ठाऊकच नव्हती. कपाटात विसरलेल्या कोटासारखी ती फायलीत पडून होती. वेंडेलनं विचारलं असतं तर नकार ठरलेला. म्हणून त्यानं विचारलं नाही. मात्र नियमानं मसुदा वॉशिंग्टनला पाठवायला हवा होता, आणि नियम मोडायचा त्याचा स्वभाव नव्हता. त्यानं तो पाठवला. साप्ताहिक अहवालाला जोडलेल्या एकोणीस कागदांत सतरावा.

राहिला मंजुरीचा प्रश्न. समुद्र-सूचना संघात अशा ठरावांवर मतदान होत नाही. तिथे मौन पाळतात. अध्यक्ष मसुदा सगळ्यांना पाठवतो आणि एक वेळ देतो. त्या वेळेपर्यंत कोणीच लेखी हरकत घेतली नाही तर ठराव मंजूर. एकानं जरी हरकत घेतली तर मौन मोडलं. वेळ बहुतेकदा संध्याकाळी सहाची असते. वेंडेल अध्यक्षांकडे गेला आणि म्हणाला, या खेपेला दुपारी दोन ठेवा.

अध्यक्ष होते उरुग्वेचे राजदूत इग्नासिओ बेराल्दी. हा माणूस दिवसभर तुंब्यातला कडू पाल्याचा चहा नळीनं ओढत बसायचा आणि फार कमी बोलायचा, त्यामुळे त्याला सगळं कळतं असा त्याचा लौकिक होता. त्यालाही आपला हिशोब होता: अध्यक्षपदाच्या दोन वर्षांत एकही ठराव मौन मोडून पडला नव्हता, आणि ही पाटी कोरीच घेऊन मॉन्तेविदेओला परतायचं होतं.

"दोनला काय विशेष आहे?" त्यानं विचारलं.

"दोन वाजता वॉशिंग्टनमध्ये सकाळचे आठ असतात. आठ वाजता आमच्या खात्यात फक्त झाडलोट करणारी माणसं असतात."

इग्नासिओनं नळी ओढली. "आणि तुझे साहेब?"

"साडेआठला येतात. नऊला टपाल बघतात."

"म्हणजे तुझ्याच सरकारला तू झोपेत गाठणार."

"मी फक्त वेळ सुचवतोय," वेंडेल म्हणाला.

गुरुवारी दुपारी दोन, असं ठरलं.

त्याच संध्याकाळी लोसालेनं त्याला गाळ्यावर गाठलं. कॉफीचे पैसे तिनंच दिले. शून्याचा एक झाला. तिच्याकडे दुसरीही एक वाट होती. चीनचे प्रतिनिधी शेन यांनी तिला सांगून ठेवलं होतं की आमच्या यंत्रांच्या नोंदी आम्ही बेटांना देऊ, प्रत्येक बेटाशी वेगळा करार करून. करारात आणखी काय काय असेल ते शेन सांगत नव्हते, पण बंदराचा उल्लेख दोनदा झाला होता. बुधवारपर्यंत होकार दिला तर अटी सौम्य राहतील, असंही ते हसतमुखानं म्हणाले होते.

"सगळ्यांसाठी एक नियम असला की मला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही," लोसाले म्हणाली. "पण तो नियम होणार नसेल तर मला आत्ता सांग. मी शेनना हो म्हणते. उद्या नाही, आत्ता."

वेंडेल तिला बारा वर्षं ओळखत होता. एकदा त्यानं तिच्यासाठी सबंध रात्र बसून स्वल्पविराम वाचवला होता. त्यानं सांगितलं की होईल. तिनं विचारलं, कशावरून. त्यानं घड्याळाचा हिशोब सांगितला.

ती हसली. "एवढा मोठा देश तुझा, आणि त्याच्याकडून चांगलं काम करून घ्यायचं तर तो उठायच्या आत?"

"सध्या तसंच आहे."

"तुझा शब्द?"

"माझा शब्द."

बुधवारी लोसालेनं शेनना नम्रपणे नाही म्हणून कळवलं.

आता ते घड्याळ. अमेरिकन कचेरीत वेंडेलच्या खोलीच्या भिंतीवर दोन घड्याळं होती, एक जिनिव्हाचं आणि एक वॉशिंग्टनचं. वेंडेल पस्तीस वर्षं अशाच दोन घड्याळांवर जगला होता. मोबाइलवरही वेळ दिसते हे त्याला माहीत होतं, पण त्याचा हात मोबाइलकडे जायच्या आधी त्याची मान भिंतीकडे वळायची. ती दोन्ही घड्याळं सांभाळायची मादाम रोशा. स्विस बाई, कचेरीत एकतीस वर्षं नोकरी. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे फरक सहाऐवजी पाच तासांचा होतो. मादाम रोशा त्या सोमवारी न चुकता स्टुलावर चढून वॉशिंग्टन पुढे सरकवायची आणि खाली उतरून सगळ्यांना बजावायची, लक्षात ठेवा, पाच. सगळे तिला हसायचे.

जानेवारीत खर्च कमी करण्याच्या मोहिमेत मादाम रोशाला घरी पाठवलं. तिच्या कामांची यादी करून ती वाटून द्यायला एक समिती बसली होती. समितीला त्रेचाळीस कामं सापडली. घड्याळाचं काम कोणाला दिसलंच नाही, कारण ते वर्षातून चार वेळा आणि दोन मिनिटांचं होतं. सोमवारी वॉशिंग्टनशी पडद्यावर होणारी बैठकही त्याच मोहिमेत बंद झाली होती, नाहीतर तिथे तरी कुणाच्या लक्षात आलं असतं.

गुरुवारी वेंडेलनं जेवण टाळलं. दीड वाजता तो खोलीत बसला होता. भिंतीवर वॉशिंग्टनमध्ये साडेसात वाजले होते. अजून कुणी हरकत घेतली नव्हती. आपण बायकोला आज सांगून टाकावं, संध्याकाळी तळ्याकाठी मासे खायला जावं, असं त्याच्या मनात आलं.

एक वाजून छत्तीस मिनिटांनी पत्र आलं. ग्रेडी स्टाउटचं. हा वेंडेलचा वॉशिंग्टनमधला वरिष्ठ, वय एकतीस, खात्यात येऊन चौदा महिने. दोन ओळी: सतरावा कागद आत्ता पाहिला. कलम नऊला आपली संमती नाही, मुदतीपूर्वी मौन मोडा.

वेंडेलनं भिंतीकडे पाहिलं. सात छत्तीस. इतक्या लवकर हा पठ्ठ्या कचेरीत काय करतोय, असं त्याला वाटलं. मग त्यानं पत्राच्या माथ्यावर छापलेली वेळ पाहिली. आठ छत्तीस.

तो उठला, घड्याळापाशी गेला, आणि काचेवर बोटानं टकटक केली. घड्याळ बंद नव्हतं. ते अगदी बरोबर चालू होतं, एक तास मागे.

पुढची काही मिनिटं त्याच्या मनात काय आलं ते लपवण्यात अर्थ नाही. पत्र न पाहिल्यासारखं करता आलं असतं. जेवायला गेलो होतो म्हणता आलं असतं. तळ्याकाठी सिग्नल मिळत नाही, हे तर खोटंही नव्हतं. चोवीस मिनिटं गप्प बसायचं होतं, आणि जगात कोणी त्यासाठी त्याला फाशी दिली नसती. पण पस्तीस वर्षं तो समोरच्यांना सांगत आला होता की मी बोलतो ते माझं नसतं, माझ्या देशाचं असतं. देशाचं बोलणं आवडेनासं झालं म्हणून आता आपलं बोलायला लागलो, तर मागचं सगळं कुणाचं होतं? असा घोळ घालत तो उभा असतानाच फोन वाजला.

ग्रेडी सभ्य होता. त्यानं आधी हवापाण्याची चौकशी केली.

"वेंडेल, पत्र पोचलं ना?"

"पोचलं."

"मग काही अडचण?"

वेंडेलनं सांगितलं की यात नवं काही नाही, अठरा वर्षं चालत आलेलं आहे, यंत्रं आपली पाण्यात आहेतच, नोंदी आपण घेतोच आहोत.

"तेच मी विचारतोय," ग्रेडी म्हणाला. "आपण घेतो, आपण दुरुस्त करतो, आणि सगळ्यांना फुकट देतो. यात आपल्याला काय मिळतं?"

"लोक आपल्याला विचारतात."

"काय विचारतात?"

"पुढचं वाक्य कसं लिहायचं ते."

ग्रेडी बहुधा हे कुठल्या रकान्यात लिहावं याचा विचार करत असावा. "ते ठीक आहे, वेंडेल. पण मिळतं काय?"

वेंडेलला उत्तर येत होतं. त्याला तासभर बोलता आलं असतं: कुठल्या वर्षी, कुठल्या प्रश्नावर, याच बेटांनी आपल्या बाजूनं हात वर केले होते, कुठली विमानं कुठे उतरू दिली होती. पण तासभर नव्हता. अकरा मिनिटं होती. आणि त्याला जाणवलं की हे सगळं समोरच्याला पाठ करून दाखवावं लागतंय यातच आपण हरलोय. पूर्वी हा प्रश्न कोणी विचारत नसे. तो विचारणारा मूर्ख नव्हता, हे आणखी त्रासदायक होतं.

"निदान काढून टाकायला लावू नका," तो म्हणाला. "कंसात टाकू द्या. ऑक्टोबरच्या बैठकीत बोलता येईल."

"मधल्या काळात?"

"मधल्या काळात मुदत संपलेली असेल."

"म्हणजे आपल्यावर बंधन नाही."

"नाही."

"मग कंस चालेल," ग्रेडी उदारपणे म्हणाला. "आणखी एक विचारू? मुदत दोनची कुणी सुचवली? नेहमी सहा असते म्हणे."

"अध्यक्षांनी ठरवली."

"मी विचारलं ते, सुचवली कुणी. असो. साडेतीन महिने राहिलेत तुमचे. छान समारंभ करू."

एक अठ्ठावन्नला वेंडेलनं पत्र पाठवलं. खेद आहे, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना मौनात सामील होता येत नाही, कलम नऊ कंसात टाकावं. अशी पत्रं लिहिण्यात त्याचा हात इतका बसला होता की एकदाही खोडावं लागलं नाही. जिनिव्हाच्या घड्याळात दोन वाजले. वॉशिंग्टनच्या घड्याळात आठ वाजले, आणि झाडलोट करणारी माणसं तिथे असतील नसतील, त्याला आता काही फरक पडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभा भरली. इग्नासिओनं तुंबा बाजूला ठेवून सांगितलं की ठराव मंजूर, कलम नऊ वगळून. म्हणजे मौन मोडलं असं म्हणायचं की मौनात फक्त कोणी खोकलं, यावर सचिवालयानं रात्रभरात एक टिपण तयार केलं होतं. त्यानुसार कोणी फक्त खोकलं होतं. इग्नासिओची पाटी कोरी राहिली. मग शेन यांनी पाटी उभी केली आणि म्हटलं की कंसातलं कलम सोडवण्यासाठी कुणीतरी लेखणी हाती घ्यायला हवी. कोणाची हरकत नसेल तर आम्ही तयार आहोत. अठरा वर्षं ती लेखणी, म्हणजे मसुदा लिहायचा मान, अमेरिकेच्या हातात होती. सगळ्यांची तोंडं सवयीनं वेंडेलकडे वळली. वेंडेलनं आपल्या पाटीकडे पाहिलं. ती आडवीच पडून राहिली.

मधल्या सुट्टीत गाळ्यापाशी लोकांची रांग होती, शेन यांच्याभोवती. लोसाले एकटी खिडकीपाशी उभी होती. वेंडेल दोन कप घेऊन गेला. तिनं कप घेतला नाही.

"शेन काय म्हणाले?" त्यानं विचारलं.

"म्हणाले, बुधवारच्या अटी बुधवारच्या होत्या."

वेंडेलनं तिला घड्याळाचं सांगितलं. मादाम रोशा, स्टूल, पाच तास, सगळं.

"म्हणजे तुम्ही घड्याळ बघणारी बाई काढून टाकलीत," ती म्हणाली.

"हो."

"मग आम्ही कोण रे तुमचे? आमची तर तुमच्या यादीत नावंपण नव्हती." मग, आवाज न चढवता: "तू दोन वर्षांपूर्वीच म्हणाला असतास ना, लोसाले, आता आमच्यावर विसंबू नकोस, तर मी सावध झाले असते. तुझा देश शेजारी बसलेला असल्यासारखा तू वागत राहिलास. तो देश कधीच उठून गेला होता, वेंडेल. खुर्चीत तू एकटाच होतास."

दोन्ही कप वेंडेलनंच प्यायले. संध्याकाळी पित्त उठलं.

जूनच्या अखेरीस त्याचा निरोप-समारंभ झाला. लाकडी फळ्यावर पितळी गरुड आणि खाली त्याचं नाव. ग्रेडी पडद्यावरून बोलला, चांगलं बोलला. त्याच्या वर्षाच्या अहवालात 'टाळलेली बंधनं' या मथळ्याखाली एक ओळ वाढली होती. मादाम रोशाही बोलावल्याप्रमाणे आली होती. केक कापायच्या आधी तिनं भिंतीकडे पाहिलं, स्टूल मागवलं आणि वॉशिंग्टन एक तास पुढे केलं. तोवर युरोपातलं घड्याळही कधीच पुढे गेलं होतं. ते जिनिव्हाचं घड्याळ कुणीतरी मोबाइलवर बघून सरकवलं होतं आणि दुसऱ्याला हात लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. म्हणजे मार्चच्या शेवटापासून भिंतीवर सात तासांचा फरक होता, आणि कचेरीत कुणाचं काही अडलं नव्हतं.

लोसाले आली नव्हती. तिचं पत्र ऑगस्टमध्ये आलं, वेंडेल व्हरमाँटला घरी परतल्यावर. रागाचं नव्हतं, रागाचं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. कराराची बोलणी चालू आहेत, बंदराचं कलम मोठं होत चाललंय, असं तिनं लिहिलं होतं. ईशान्येकडचं यंत्र, अमेरिकेचं, एप्रिलच्या मध्यात बंद पडलं. दुरुस्तीला कोणी आलेलं नाही. कोणी यावं असं आता कुठे लिहिलेलंही नाही. सेमिसीच्या पडद्यावर त्या बाजूला काळा चौकोन दिसतो. म्हणून गावानं टेकडीवर एक खोपटं बांधलंय आणि दोन माणसं पाळीनं दुर्बीण घेऊन ईशान्येकडे बघत बसतात. दिवसा बघतात; अंधारात काय दिसणार. त्या दोघांना मासेमारीला जाता येत नाही, तेव्हा त्यांच्या पोटाचं गावानं वाटून घेतलंय.

पत्राच्या शेवटी तिनं, सवयीप्रमाणे, आकडे दिले होते. घरं एकशे बारा. प्रत्येक घरानं आठवड्याला टोपलीभर अळकुड्या आणि दोन मासे. ज्या घरात फक्त म्हातारी माणसं उरलीत, त्यांना मासे माफ.